पडदा काळा का पडला?

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवी तक्रार ऐकू येऊ लागली आहे. रक्तदाब मोजून होतो, गोळ्यांची चिठ्ठी हातात पडते आणि सत्तरी ओलांडलेले गृहस्थ उठता उठता विचारतात, "डॉक्टर, आमचा कॉम्प्युटर सुरू होतोय, पण पडद्यावर काहीच येत नाही. काय झालं असेल हो?" प्रश्न आजाराचा नसतो, तरीही मी तो हसण्यावारी नेत नाही. ज्या घरांतील मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात आहेत, त्या घरांत टेबलावरच्या जुन्या संगणकावरच दर रविवारी नातवंडांची तोंडे दिसतात. मोबाइलचा पडदा लहान असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना आणि कापऱ्या बोटांना मोठा पडदा आणि मोठी बटणेच मानवतात. तो पडदा काळा पडला की घर अस्वस्थ होते, आणि त्या अस्वस्थतेचे आकडे मला रक्तदाबाच्या यंत्रावर दिसतात.

आम्हां डॉक्टरांना विद्यार्थिदशेत एक शिस्त लावली जाते: आधी विचारा, मग पाहा, मग हात लावा, आणि मोठ्या आजाराची शंका घेण्यापूर्वी साधे कारण तपासा. बंद पडद्यालाही हीच शिस्त लागू पडते. संगणक आणि मॉनिटर ही दोन वेगळी यंत्रे आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ज्या पेटीला आपण सीपीयू म्हणतो ती चित्र तयार करते, केबल ते वाहून नेते आणि मॉनिटर ते दाखवतो. पेटी आणि मॉनिटर यांना वीजही वेगवेगळ्या वायरींनी मिळते. पडदा काळा झाला म्हणजे संगणक गेलाच, असे मुळीच नाही.

राजारामपुरीतील एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण सांगतो. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत एमएस-सीआयटी उत्तीर्ण झाल्याचा त्यांना अजून अभिमान आहे. जुलैच्या एका संततधारेत त्यांच्या पत्नीचा ताप पाहायला मी घरी गेलो होतो. सर मात्र पत्नीच्या तापापेक्षा संगणकानेच जास्त खचलेले दिसले. कोणीतरी फोनवरूनच त्यांना सांगून टाकले होते की मदरबोर्ड गेला, आता नवीन यंत्र घ्या. मी सरांना विचारले, "सर, बंद पडण्याआधी घरात काही हललं-सरकलं का?" काकूंनी आतून उत्तर दिले, "भिंतीला ओल आली म्हणून परवाच टेबल पुढं ओढलं की!"

मॉनिटरवरचा छोटा दिवा पिवळा होता आणि लुकलुकत होता. बहुतेक मॉनिटरांत याचा अर्थ असा, की वीज मिळते आहे, पण चित्र पोहोचत नाही. पेटीतला पंखा फिरत होता. कीबोर्डवरचे कॅप्स लॉकचे बटण दाबले, तर त्याचा दिवा लागत होता आणि पुन्हा दाबल्यावर विझत होता. ही संगणकाची नाडीच समजा. हा दिवा बोटाला प्रतिसाद देत असेल, तर यंत्र जागे आहे आणि दोष बहुधा केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. आम्ही सगळी बटणे बंद केली. मागे पाहिले, तर तीन ओळींत पंधरा पिना असलेली निळ्या तोंडाची केबल एका बाजूने निसटली होती. ती सरळ बसवून दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनी आवळले आणि बटण दाबले. पडद्यावर नातवाचा फोटो उजळला. काकूंचा ताप पुढे तीन दिवसांनी उतरला, सरांचा मात्र तिथल्या तिथे.

अशा वेळी घरच्या घरी करायच्या तपासण्या एवढ्याच आहेत. मॉनिटरचा दिवा लागला आहे का ते पाहावे. नसेल तर भिंतीवरच्या बोर्डाचे बटण, प्लग आणि यूपीएस पाहावे. माऊस हलवून किंवा एखादे बटण दाबून यंत्र नुसते झोपलेले तर नाही ना, याची खात्री करावी. पुसताना मॉनिटरची बटणे दाबली जाऊन प्रकाश शून्यावर गेलेला असतो किंवा चित्र कोणत्या केबलने घ्यायचे ती निवड बदललेली असते, तेही तपासावे. खोलीत अंधार करून पडद्यावर तिरप्या कोनातून विजेरीचा झोत टाकावा. पुसटसे चित्र दिसले, तर संगणक ठीक आहे आणि पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. पेटीच्या मागे केबल बसण्याच्या दोन जागा असतील, तर दुसरी जागा वापरून पाहावी. केबल जुळत असेल तर पेटी टीव्हीला जोडावी. तिथे चित्र आले, तर दोष मॉनिटरचा किंवा त्याच्या केबलचा. शेवटी सर्व बंद करून वायर भिंतीतून काढावी, सुरू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग पुन्हा जोडून पाहावे. आत साचलेली वीज निघून गेल्यावर अनेक यंत्रे शुद्धीवर येतात.

पंखा फिरतो, पण कॅप्स लॉकचा दिवा हलत नाही किंवा पेटी सारखी पिपाणी वाजवते, तेव्हा दोष बहुधा आत असतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर मळ बसतो. ती पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवली की काम होते. पण हे काम माहितगार माणसाचे आहे. आतला वीजपुरवठ्याचा डबा आणि जुना फुगीर काचेचा मॉनिटर कोणीही घरी उघडू नये. वायर काढल्यावरही त्यांत धोकादायक वीज साठून राहते.

दोन इशारे डॉक्टर म्हणून देतो. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी केबल शोधण्यासाठी टेबलाखाली वाकू नये. झटकन उठताना रक्तदाब घसरतो, भोवळ येते आणि खुब्याचे हाड मोडते. दुसरा इशारा नातवंडांसाठी. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. जुनी काढलेली बॅटरी टेबलावर ठेवू नये. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. उलटी करवू नये. थेट रुग्णालय गाठावे.

कोल्हापूरकरांना पुराबद्दलही सांगायला हवे. राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी आपल्याला तोंडपाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीसारख्या वस्तीतही शिरले. पाणी चढू लागले की आधी वीज बंद करावी, मग पेटी उंचावर ठेवावी. भिजलेले यंत्र "बघू तरी चालतंय का" म्हणून सुरू करू नये. ओल्या फरशीवर उभे राहून प्लगला हात लावणे जिवावर बेतू शकते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती गोष्ट. मंगळवार पेठेतील बहात्तर वर्षांच्या एका आजी एका सकाळी मुलाला म्हणाल्या, "स्क्रीनची डावी बाजू गेली बघ. माऊसचा बाण तिकडं गेला की दिसेनासा होतो." मुलाने केबल पाहिली, यंत्र बंद करून सुरू केले, स्वतः समोर बसून पाहिले. पडदा स्वच्छ होता. आजी मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम. त्याने मला फोन केला तो थोड्या वैतागाने: "डॉक्टर, आई ऐकतच नाही हो." मी त्याला म्हणालो, "पडदा सोडा. त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सांगा. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा." उत्तर आले, की कोणताही डोळा झाका, कॅलेंडरची डावी बाजू दिसत नाही.

दोष एका डोळ्यात असेल, तर दुसऱ्या डोळ्याने चित्र पूर्ण दिसते. दोन्ही डोळ्यांना एकच बाजू दिसेनाशी झाली, तर दोष बहुधा डोळ्यांत नसून मेंदूत असतो. आजींना ना वेदना होत्या, ना हातपाय लुळे पडले होते. तरीही मी त्यांना तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले. मेंदूच्या मागच्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आजी दीड तासात पोहोचल्या होत्या. डावीकडचे दिसणे आजही थोडे अंधूक आहे, पण त्या वाचतात, चालतात आणि रविवारी पडद्यासमोर बसतात.

म्हणून घरातील काळजीवाहकांना माझे सांगणे आहे. वडीलधाऱ्यांनी "पडद्यावर दिसत नाही" म्हटले, की पहिला प्रश्न यंत्राबद्दल विचारू नका. "भिंतीवरचं घड्याळ दिसतं का?" असे विचारा. एकेक डोळा झाकून पाहायला सांगा. एका डोळ्यापुढे एकाएकी पडदा ओढल्यासारखे वाटत असेल, दृष्टीची एक बाजू नाहीशी झाली असेल, किंवा बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे होत असेल, तर केबलला हात लावू नका. तक्रार कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. त्रास काही मिनिटांत आपोआप थांबला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घड्याळ, कॅलेंडर, समोरच्या माणसाचा चेहरा हे सारे स्वच्छ दिसत असेल, तर मात्र निवांत बसा. आजोबांना खुर्चीवर बसू द्या, टेबलाखाली तुम्ही वाका आणि मॉनिटरच्या दिव्यापासून सुरुवात करा.