फेस

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी एक प्रश्न असतो, "फेस आला का?" राजापुरात हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या घरी विचारत असतील असं वाटत नाही.

टाकी बाबांची. लहानपणी मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय त्यांनी बघितलं, तेव्हापासून समुद्राचे मासे घरात हवेत हे त्यांच्या डोक्यात. आई म्हणायची, "कोकणात राहून मासे बघायला टाकी कशाला? बाजारात जा." निवृत्तीनंतर शेवटी तीन फुटी टाकी आली, दोन क्लाऊनफिश आले, आणि सात महिन्यांत बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. पलंग टाकीसमोर लावला. मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन परत आलो आणि मासे माझ्या गळ्यात पडले.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रोटीन स्किमर नावाचं एक यंत्र असतं. एका नळकांड्यात पंप पाणी आणि हवा एकत्र घुसळतो, लाखो बारीक बुडबुडे होतात. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं यातून पाण्यात विरघळलेली प्रथिनं त्या बुडबुड्यांना चिकटतात, कारण त्यांचं एक टोक पाण्यापासून पळतं आणि हवेला धरतं. फेस मानेतून वर चढतो आणि कपात सांडतो. कपात जमतो तो तपकिरी, घाणेरड्या वासाचा काढा. तो जितका घाण, तितकं पाणी स्वच्छ. पावसाळ्यात आंबोळगडला किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो, तो बराचसा याच कारणाने. गोड्या पाण्यात हे नीट जमत नाही; तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात. मीठ त्यांना वेगळं ठेवतं.

तर आमचा फेस बसला. कप कोरडा. आठवड्याभरात पाणी पिवळट दिसू लागलं, काचेवर शेवाळ आलं, आणि दोनातला लहान मासा खायचा बंद झाला.

मी सगळं केलं. स्किमर ज्या संपात उभा असतो तिथली पाण्याची पातळी बघितली. बाष्पीभवनाने ती उतरली की फेसही उतरतो. रोज गोडं पाणी घालून ती एका रेघेवर ठेवली. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा खडा धरला होता, तो गरम पाण्याने काढला. पंप व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. मीठ मोजलं, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, बरोबर होतं. तरी रात्री फेस खाली बसायचा, दुसऱ्या दुपारी जरा वर यायला लागायचा, की संध्याकाळी परत गायब.

लहान मासा मेला. बाबा झोपेत असताना मी त्याला बाहेर काढलं. मला वाटलं कळणार नाही. उठल्यावर त्यांनी टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डावा हात उचलून एक बोट दाखवलं. एकच.

त्या संध्याकाळी नेहमीसारखं त्यांचं अंग चोळलं. फिजिओथेरपीवाल्यांनी व्यायाम सांगितले होते, नारायण तेल आईची भर. उजवा हात, उजवा पाय, वीस मिनिटं. मग हात पंचाला पुसून माशाचं खाणं घ्यायला गेलो, ते पाण्यात चुरून टाकायला बोटं बुडवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ते... ल."

मला वाटलं अजून चोळायला सांगतायत. बाटली उचलली. त्यांनी वैतागून मान हलवली आणि माझ्या हाताकडे बोट केलं. कळलं आईला, स्वयंपाकघराच्या दारातून. "अरे, डाळ उतू जाऊ नये म्हणून आपण तेलाचे थेंब नाही का टाकत? फेस मरतो."

इतकंच होतं. बुडबुड्याच्या पापुद्र्यावर तेल पसरलं की तो टिकत नाही. महिनाभर मी रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने फेस मारत होतो आणि रात्री जागून त्याचं कारण शोधत होतो. बाबा दिवसभर समोरून बघत होते; त्यांना कधी कळलं होतं आणि तो एक शब्द जुळवायला किती दिवस लागले, हे मी विचारलेलं नाही.

स्किमर उघडून मान गरम पाण्याने धुतली, निम्मं पाणी दोन टप्प्यांत बदललं. तिसऱ्या सकाळी कपात बोटभर काढा होता. मी कप बाबांच्या नाकाशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं आणि हसले, डाव्या बाजूने.

आता संध्याकाळचं खाणं तेच घालतात. घरात त्या वेळी बिनतेलाचा तेवढाच एक हात असतो. पलंग आम्ही आणखी फूटभर टाकीकडे सरकवलाय. निम्मे दाणे लादीवर पडतात, मुंग्या येतात, आई रोज चिडते.