डोळ्यांपुढचे घर आणि हातातली लादी

आमचे दुकान फरशीचे. वडिलांनी सोलापुरात ते सुरू केले तेव्हा शहाबादी आणि कोटा एवढ्या दोनच जाती आम्ही ठेवीत असू. ग्राहक येई, दगडावर बोटांनी टिचकी मारी, नादावरून माल पक्का की कच्चा ते ठरवी आणि मगच भावाची बोलणी सुरू होत. पुढे मोरबीच्या लाद्या आल्या, त्यांच्याबरोबर गुळगुळीत कागदांचे कॅटलॉग आले. टिचकी बंद झाली. लोक चित्र पाहून माल मागवू लागले. या बदलाशी मी कसेबसे जुळवून घेतले होते, तोच गेल्या दिवाळीनंतर धाकट्या चिरंजीवांनी एक नवीनच वस्तू गल्ल्याशेजारी आणून ठेवली.

वस्तू म्हणजे डोळ्यांवर बांधायची एक पांढरी पेटी. मेटा क्वेस्ट २ हे तिचे नाव. ती बाजारात आली २०२० साली. आमच्याकडे मात्र परदेशातून आलेल्या भाच्याच्या बॅगेतून आली. चिरंजीव म्हणाले, “अण्णा, आता गिऱ्हाइकाला नुसती लादी दाखवायची नाही. त्याचे न बांधलेले घरच दाखवायचे. लादी बसल्यावर कसे दिसेल, ते त्याला आत उभे राहून पाहू दे.”

मी विचारले, “मग ही पेटी पुरे आहे ना? लॅपटॉप कशाला?”

त्याचे उत्तर मला पटले. वाचकांनाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पेटीत स्वतःचा छोटा संगणक असतो. खेळ, चित्रफिती तेवढ्यावर चालतात. परंतु नकाशावरून संपूर्ण घर उभे करणे, खिडकीतून येणारा उजेड लादीवर कसा पडेल ते दाखवणे, हे काम जड. ते लॅपटॉपने करायचे. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे चित्र आणि तेही सेकंदाला ७२ किंवा ९० वेळा नव्याने काढायचे. आपण मान वळवली की ती बातमी पेटीकडून लॅपटॉपकडे जाते आणि नवे चित्र परत येते. या येण्याजाण्यात थोडा जरी उशीर झाला, तरी पाहणाऱ्याला गरगरते. म्हणून जोडणी चोख हवी.

जोडणी काही पहिल्या दिवशी साधली नाही. दुकान वाढवल्यावर आम्ही दोघे बसलो. घरात मोबाइलच्या वायरी पुष्कळ, त्यांतलीच एक त्याने लावली. पेटीला वीज मिळू लागली, पण लॅपटॉपला तिची ओळख पटेना. रात्री अकरा वाजता उलगडा झाला: ती वायर केवळ चार्जिंगची होती. काही स्वस्त वायरींत वीज वाहणाऱ्या तारा असतात, माहिती वाहणाऱ्या नसतातच. दुसऱ्या दिवशी यूएसबी ३ ची पाच मीटर लांब वायर मागवली. ती आल्यावर पेटीत परवानगी विचारणारी पाटी उमटली, आम्ही होकार दिला, आणि पुढे निव्वळ अंधार!

हा अंधार तीन संध्याकाळी टिकला. आमच्या लॅपटॉपमध्ये चित्रे काढणारे दोन भाग आहेत, एक वीज वाचवणारा साधा आणि एक ताकदीचा. काम चुकून साध्यावर पडत होते. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या सॉफ्टवेअरला ताकदीचा भाग नेमून दिला, लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवला, तेव्हा काम मार्गी लागले. वायरीशिवायही जोडता येते. मात्र त्यासाठी लॅपटॉप राउटरला तारेने आणि पेटी ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडणे चांगले. आमच्या दुकानात राउटर माळ्यावर असल्याने आम्ही वायरच राखली.

पेटी प्रथम मी बांधली. सारे धूसर होते. चिरंजीवांनी आतली भिंगे सरकवली. ती ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीन अंतरांवर बसतात. आपल्या दोन बुबुळांतील अंतराप्रमाणे जागा निवडायची. तिसऱ्या खेपेस चित्र स्वच्छ झाले. मी एका स्वयंपाकघरात उभा होतो. ओट्याला टेकायला हात पुढे केला आणि तोल गेला. ओटा नव्हताच! पोराने सावरले म्हणून बरे.

खरी परीक्षा पुढच्याच आठवड्यात आली. एक निवृत्त शिक्षक आपल्या पत्नीसह आले. आयुष्यभराच्या फंडातून घर बांधत होते. चिरंजीवांनी त्यांचा नकाशा घालून ठेवला होता. बाईंनी पेटी लावली, दिवाणखान्यात फिरल्या आणि हरखून म्हणाल्या, “हीच लादी. दुसरे काही बघायलाच नको.” मास्तरांनी पन्नास हजारांचा चेक लिहायला घेतला.

मी म्हणालो, “मास्तर, जरा थांबा.”

नंतर मी स्वतः पेटी लावून तीच खोली पाहिली होती. चित्रातली जमीन अखंड दिसत होती. सांधा नाही, डाग नाही. प्रत्येक लादी दुसरीसारखी. आम्ही व्यापारी जाणतो की एकाच नावाच्या मालात बॅचगणिक शेड बदलते; म्हणूनच पेटीवर बॅच आणि शेडचा क्रमांक छापलेला असतो. मी गोदामातून एक पेटी आणवली, फोडली आणि दुकानापुढच्या उन्हात सहा लाद्या मांडल्या. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “ही तर पिवळसर आहे हो.” विचार करून सांगतो म्हणून दोघे निघून गेले.

त्या रात्री चिरंजीव ताटावर बसून बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “महिनाभर खपलो, अण्णा. चालून आलेला सौदा तुम्ही परत पाठवलात.” मला वाईट वाटले, कारण त्याची मेहनत खोटी नव्हती. मी एवढेच म्हणालो, “घरात लादी बसल्यावर त्यांना ती पिवळी दिसली असती. मग आपण कोणत्या तोंडाने त्यांच्या वास्तुशांतीला गेलो असतो?”

चार दिवसांनी बाई एकट्याच आल्या. त्यांना लादी पाहायची नव्हती. पेटी पुन्हा लावायची होती. आत उभ्या राहून त्यांनी एक गोष्ट हेरली: फ्रिजचे दार उघडले की ते ओट्याच्या कोपऱ्याला अडणार होते. कागदावरच्या नकाशात ती चूक कोणाच्याच लक्षात आली नव्हती. भिंत अजून उठली नसल्याने ती दुरुस्त झाली. जाताना त्यांनी उन्हात पाहून दुसरी, जरा स्वस्त लादी निवडली.

तेव्हा मलाही उमगले, की मापाच्या बाबतीत ही पेटी सच्ची आहे. तिच्यावर राग धरून मी एका उपयोगी साधनाला नाकारत होतो. आणि चिरंजीवांनी माझ्या न सांगता एक पाटी रंगवून आणली: “खोलीची मांडणी येथे पाहा. रंगाची खात्री पेटी उघडून, उन्हात करा.” आता तो प्रत्येक नव्या मालाचा फोटो दिवसाउजेडी काढूनच लॅपटॉपमध्ये भरतो.

सौदे थोडे लांबतात, हे खरे. पण गेल्या महिन्यात मास्तरांच्या वास्तुशांतीला आम्ही दोघे बापलेक गेलो आणि त्यांच्या लादीवर निश्चिंतपणे मांडी घालून जेवलो.