वालीचं मरण

बी. ए.ला संस्कृत नाटककार भासाचं ‘अभिषेक’ होतं. नाट्यशास्त्राने रंगमंचावर मृत्यू वर्ज्य मानला असताना भासाने वाली प्रेक्षकांसमोर का मारला, हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. पाच गुणांचा. पुढे मीच शिकवायला लागलो आणि वर्षानुवर्षं तेच उत्तर मुलांना लिहून दिलं. टी. गणपतिशास्त्र्यांनी भासाची नाटकं १९१२पासून त्रिवेंद्रमला छापली, हेही त्यात असायचं. त्यातले काही अंक केरळातल्या देवळांत नाटक करणाऱ्या चाक्यारांच्या घराण्यांत कधीच बंद पडले नव्हते, याचा मात्र आमच्या गाइडमध्ये पत्ता नसायचा.

मधल्या काळात वडील गेले. घरीच, पहाटे. शेवटचे काही तास श्वास आणि श्वास यांतलं अंतर वाढत गेलं. संपलं असं वाटावं, तोच छाती पुन्हा वर यायची.

केरळात इरिंजालकुड्याला ते पाहायला पोचलो तो पन्नाशी उलटल्यावर. अम्मन्नूर माधव चाक्यारांचं हे गाव. वालीचं मरण करावं तर त्यांनीच, असं अजूनही तिथे म्हणतात. ते २००८ साली गेले. मी पाहिला तो वाली दुसऱ्या, वयाने बऱ्याच लहान नटाचा. समोर पितळी समई. तिच्या तीन वातींपैकी दोन नटाकडे तोंड करून, एक आपल्याकडे. मागे लाकडी चौकटीत बसवलेला, घागरीसारखा तांब्याचा मिळावू. या वाद्याची मुंज करतात, ते ब्रह्मचारी मानलं जातं.

बाण लागला, रामाला जाब विचारून झाला, संस्कृत संपलं आणि मग खरं नाटक सुरू झालं. गंगा आणि इतर नद्या आपल्याला न्यायला आल्या आहेत, उर्वशी आली आहे, हजार हंस जुंपलेलं विमान उतरतं आहे, असं वालीला दिसतं. संहितेत ही जेमतेम दोन ओळींची गोष्ट. इथे विमान आधी बुबुळांत उतरलं, डावीकडून, सावकाश. लहानपणापासून पहाटे उठून, डोळ्यांत तूप घालून बुबुळं फिरवण्याची मेहनत कशासाठी, ते तेव्हा समजलं. मग बरगड्या. श्वास आत गेला, अडकला, खांद्यात चढला, बोटांच्या टोकांशी थरथरला. मिळावू थांबला. संपलं म्हणून मी हललो, तर छाती पुन्हा वर आली. माझ्या शेजारचे आजोबा मात्र स्वस्थ होते. त्यांना अजून किती श्वास बाकी आहेत ते पाठ असावं.

चाक्यारांची ही कला कूत्तंबलमबाहेर, म्हणजे देवळातल्या नाट्यगृहाबाहेर, नेणाऱ्यांत पैंकुळम राम चाक्यार पुढे होते. नातलगांचा रोष पत्करून. १९६५ला कलामंडलम या कलासंस्थेत वर्ग निघाला, तिथेही गुरू तेच. मग चाक्यार आणि मिळावू वाजवणारे नंब्यार यांच्या घराण्यांबाहेरची मुलंमुलीही शिकू लागली. ते झालं नसतं तर २००१मध्ये युनेस्कोला गौरवायला फारसं काही उरलं असतं असं वाटत नाही. देवळांच्या जमिनी गेल्यावर नुसत्या मानाच्या तांदळावर किती घरं तगणार होती? सोवळ्याची हळहळ मला नाही. माझी तक्रार कात्रीबद्दल आहे. एकट्या पात्राने आपली पूर्वकथा रात्रीमागून रात्री उलगडायची, ही या नाटकाची रीत. महोत्सवाच्या पत्रिकेत तिला दीड तास मिळतो, त्यातही दीपप्रज्वलन आणि सत्कार.

तोच नट पुढे एका शहरात भेटला. वाली तिथे चटकन मेला. मी रंगपटात जाऊन कुरकुर केली. तो खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग पुसत होता. म्हणाला, “सर, देवळात पूर्ण करतो की. पण तिथे तुमच्यासारखे आठ जण येतात. इथल्या मानधनात मिळाव्यावाल्याचंही भागतं.” आणि मुलीची फी भरायची शेवटची तारीख कुठली, ते फोनवर बायकोला विचारू लागला.