नाळ कशी आहे?

2017 सालच्या उन्हाळ्यात आयर्लंडमधील गॉलवे या बंदराच्या शहरी सहा आठवडे राहण्याचा योग आम्हांस आला. तेथील एक धर्मगुरू रजेवर गेले होते. त्यांच्या जागी रोजची मिस्सा आणि आजाऱ्यांच्या भेटी, एवढेच काम आमच्याकडे होते. दुपार मोकळी असे. आणि कोळ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाचे पाय मोकळ्या वेळी पाण्याकडेच वळतात.

नदी समुद्रास मिळते तेथे क्लाडा नावाची वस्ती आहे. एके काळी ते गवताने शाकारलेल्या घरांचे मच्छीमारांचे गाव होते. 1930 च्या दशकात ती घरे पाडण्यात आली. तेथून जात असता एका शेडमधून ओळखीचा वास आला : ताज्या चिरलेल्या लाकडाचा आणि डांबराचा. आत दहाबारा माणसे शिडाची होडी बांधत होती. त्यांत एक शाळामास्तर होते, एक निवृत्त बसचालक, एक परिचारिका आणि दोन कॉलेजात जाणाऱ्या मुली. सुतार म्हणावा असा एकच, तोही सत्तरी उलटलेला. मजुरी कोणासच नव्हती.

या होडीस तिकडे हूकर म्हणतात. काळा डांबरी देह, एकच डोलकाठी, विटकरी रंगाची शिडे. पोट फुगीर, आणि काठाशी येताना ते पुन्हा आत वळलेले. कॉनेमाराच्या दलदलीतून कापून वाळवलेले टर्फ, म्हणजे चुलीत जाळण्याची माती, या होड्या आरान बेटांवर नेत. कारण त्या खडकाळ बेटांवर जळणच नाही. परतताना कॉनेमाराच्या आंबट जमिनीसाठी चुनखडी आणीत. पुढे मालमोटारी आल्या आणि होड्या किनाऱ्यावर कुजू लागल्या. 1970 च्या दशकात काही जणांनी त्या पुन्हा दुरुस्तीस घेतल्या. 1979 पासून किन्वारा येथे ऑगस्ट महिन्यात त्यांचा मेळा भरू लागला.

जुन्या कारागिरांनी आराखडा कागदावर काढला नाही, सारे नजरेने बांधले, असे त्या वृद्ध सुताराने सांगितले. बरगड्यांसाठी ओकची मुळातच वाकडी वाढलेली फांदी निवडतात. आम्हांस आमच्या वडिलांचा सुतार आठवला. रस्त्याने जाताना तो वाकडी बाभूळ दिसली की थबकत असे.

लार्चच्या फळ्या वाकवण्यासाठी लांबलचक पेटीत वाफवतात. एक इंच जाडीस साधारण एक तास. बाहेर काढल्यावर फळी काही क्षणच नमते. तेवढ्यात धावत जाऊन ती बरगड्यांवर आवळावी लागते. हातमोजे देऊन एक टोक त्यांनी आम्हांसही धरावयास लावले. बसचालक ओरडले, "फादर, प्रार्थना मागाहून, आधी जोर लावा!" फळी बसली. घामाने आमचा सदरा ओला झाला होता, आणि डोळेही. तो वाफेचा दोष, असे आम्ही सांगितले.

खरे कारण निराळे होते. आमच्या वडिलांची शिडाची होडी होती. आम्ही एकुलते पुत्र, सेमिनरीत गेलो. इंजिनाच्या होड्यांपुढे वडिलांचे शीड टिकेना आणि वल्ह्याला दुसरा हात उरला नाही. 1989 साली त्यांनी ती तोडून बेकरीच्या भट्टीस जळण म्हणून विकली. त्या पैशांत आमचा पहिला पांढरा झगा शिवला गेला. हे आम्हांस बहिणीकडून पुष्कळ वर्षांनी कळले. वडिलांपाशी तो विषय आम्ही कधी काढला नाही.

त्या रात्री घरी फोन केला. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

"सांधे कशानं भरतात?" त्यांनी विचारले.

"डांबरात भिजवलेल्या तागानं."

"आणि नाळ कशी आहे?"

ते आम्ही पाहिलेच नव्हते.

"मग दिवसभर बघितलंस काय?"

दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिले. आपल्याकडच्या होडीची नाळ पुढे झेपावते. त्यांची जवळजवळ उभी. मिस्सेच्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूस तिचे चित्र काढून घेतले.

ऑगस्टमध्ये तेथील डॉमिनिकन धर्मगुरू होडीतून जाऊन साऱ्या उपसागरास आशीर्वाद देतात. आपण होड्यांवर पवित्र पाणी शिंपडतो, ते समुद्रावर! आम्हांस हे फार आवडले. पण त्या वेळी आमचे चित्त खिशातल्या कागदावर होते.

घरी परतल्यावर तो वडिलांपुढे ठेवला. बराच वेळ त्यांनी निरखला. मग पेन्सिल मागून शेजारी एक रेघ ओढली, पुढे झेपावणारी. खाली कणा, मग काठ. हात कापत होता, तरी रेघ चुकली नाही. "सोळा हात," ते म्हणाले, "आणि रुंदी..." रुंदी त्यांना आठवेना. अंगणात जाऊन त्यांनी दोन्ही हात पसरले, एक पाऊल मागे सरकले, पुन्हा पसरले. मग आम्हांस समोर उभे केले आणि म्हणाले, "तू ते टोक धर."