मेंदूची रोजची निगा

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तोच घेतो. हा पुरवठा रक्तवाहिन्यांतून होत असल्याने मेंदूची निगा रक्तदाब आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवण्यापासून सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. रोज पंचवीस मिनिटे भरभर चालले तरी तो पुरा होतो. ताटात डाळी, पालेभाज्या, फळे, अक्रोड, मासे असावेत. मीठ बेताचे आणि तंबाखू पूर्ण वर्ज्य.

झोप म्हणजे मेंदूचा नुसता आराम नव्हे. दिवसभरात शिकलेले तेव्हाच पक्के होते, म्हणून रात्री किमान ७ तास झोप हवी.

माणसांतला वावरही तितकाच मोलाचा. ऐकू कमी येऊ लागले की माणूस गप्पांतून अंग काढून घेतो. श्रवणयंत्र वेळेवर लावणे त्यामुळे महत्त्वाचे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोके नोंदवले. कमी शिक्षण, श्रवणदोष, उच्च रक्तदाब, एकटेपणा हे त्यांतलेच. सगळे टाळता आले, तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्या आयोगाचा अंदाज आहे.