खाडा

जानेवारी निम्मा सरला की पवन मावळात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर खाडा कुणालाच परवडत नाही. फेब्रुवारीच्या १४ तारखेचा माल महिनाअखेरीस निघायला लागतो. उजाडायच्या आत कटिंग सुरू होतं आणि ग्रेडिंगच्या हॉलमध्ये बाया खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. खालची पानं ओढायची, दांडीची लांबी बघायची, वीस फुलांचा बंच बांधायचा, कागदात गुंडाळून बादलीत ठेवायचा. हॉलची दारं लावलेली असतात, कारण ऊब आत आली की कळी फुलते आणि मालाचा भाव उतरतो. बाहेर धरणाच्या पाण्यावरून गार वारा सुटलेला, तिकोना गडाच्या माथ्यावर उशिरापर्यंत धुकं, आणि घरोघरी सर्दी-खोकला. अंगात ताप असलेल्या बायाही कामावर येतात. त्यांना यावंच लागतं.

तिकोना पेठेतून मी तिथे हजेरी आणि हिशेब लिहायला जायचे. माझं टेबल त्याच हॉलच्या कोपऱ्यात होतं. कोण आली, कोण अर्ध्या दिवसाने गेली, कुणाचा खाडा पडला ते मस्टरवर मांडायचं आणि आठवड्याला त्यावरून पैसे काढायचे. अशाच एका जानेवारीत मला दिवस राहिल्याचं कळलं.

सासूबाईंनी गडाच्या वाटेवरच्या चपेटदान मारुतीला तेल घातलं आणि मला बजावलं, ‘तीन महिने कुठं बोलायचं नाही. चोरओटी भरली की मग बघू.’ या रिवाजाला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. लक्षात आलेल्या गर्भांपैकी दहातला एक तरी पहिल्या तिमाहीतच थांबतो. तसं झालं तर गावभर प्रत्येकीला उत्तर देत बसायची वेळ बाईवर येऊ नये, म्हणून जुन्या बायांनी हे कुंपण घातलं असावं. त्यात माया आहे. पण ज्या आठवड्यांत तिला इतरांच्या मदतीची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्याच आठवड्यांत हे कुंपण तिला एकटं पाडतं. हे मला त्या हॉलमध्ये बसून कळलं.

माझ्या समोरच्या टेबलावर एक मावशी होत्या. रात्रभर खोकून आल्यावर त्यांचे डोळे लाल दिसायचे. फुलं बांधताना त्या तोंडाला पदर लावायच्या, पण दोन्ही हात कामात असताना पदर किती वेळ धरणार? त्या खोकल्या की मी श्वास रोखायचे. घरी आल्यावर कपडे वेगळे भिजवायचे, पेन पुसायचे, रात्री नवऱ्याला कपाळाला हात लावून बघायला सांगायचे. पोटात अजून काही जाणवत नव्हतं. नुसत्या मळमळीवरून कळायचं की सगळं जागच्या जागी आहे. आणि मळमळ एखाद्या सकाळी कमी झाली की त्याचीही भीती.

ही भीती कुठल्याही नोकरीतल्या बाईला असते. बँकेत काउंटरवर बसणारीला, हिंजवडीत गार हवेच्या बंद मजल्यावर काम करणारीला, झेडपीच्या शाळेत चिमुकल्यांची नाकं पुसणाऱ्या बाईंना. फरक एवढाच की काहींच्या हातात रजेचा अर्ज असतो आणि काहींच्या नसतो.

आशाताईंनी फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवायला नेलं. सरकारला ही नोंद १२ आठवड्यांच्या आत हवी असते, म्हणजे सासूबाईंच्या मुदतीच्या आतच. तिथल्या डॉक्टरबाईंनी माझी भीती ऐकून घेतली. ‘काळजी करू नका’ असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. कशाला किती भ्यायचं ते त्यांनी एकेक करून सांगितलं.

साधी सर्दी आईला त्रास देते, बाळापर्यंत सहसा पोचत नाही. ताप मात्र अंगावर काढायचा नाही. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी मिटते. पुष्कळ बायांना तोवर पाळी चुकल्याचीही खात्री नसते. त्या काळात सणसणीत ताप राहणं चांगलं नाही, म्हणून ताप आला की थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. फ्लू गरोदर बाईला इतरांपेक्षा जड जातो, आणि दिवस भरत जातात तसा तो जास्त जड जातो. ते ऐकताना मला २००९ चा ऑगस्ट आठवला. मी तेव्हा शाळेत होते. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला, तोही एका शाळकरी मुलीचा. मग शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या आणि माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरू लागली. त्या साथीत जगभर गरोदर बायांचे हाल झाले. फ्लूची लस गरोदरपणातही चालते, हे मला डॉक्टरबाईंकडूनच कळलं. तोवर लस म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, एवढीच माझी समज होती.

सगळ्यात जास्त वेळ त्या रुबेलावर बोलल्या. अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, दोन-तीन दिवसांत बरं. गावात त्याला गोवरच म्हणतात आणि कुणी फारसं मनावर घेत नाही. पण पहिल्या १२ आठवड्यांत तो आईला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर घाला पडण्याचा धोका फार मोठा असतो. हे जगाला कळलं तेही उशिराच. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही मुलं एकामागून एक येऊ लागली. त्यांनी आयांकडे चौकशी केली, तेव्हा बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला पुरळ येऊन गेल्याचं निघालं. १९४१ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. एवढं मोठं ज्ञान आयांना विचारल्यामुळे हाती आलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे गोवर-रुबेलाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठी. माझं वय तेव्हाच त्यापलीकडे गेलेलं होतं, आणि हॉलमधल्या बहुतेक जणींचंही. गरोदरपणात ही लस देता येत नाही, कारण तिच्यात जिवंत विषाणू असतो. कांजिण्यांच्या लसीचंही तेच. घ्यायच्या त्या आधी घ्यायच्या आणि मग निदान महिनाभर थांबायचं. लग्न ठरलं की आपल्याकडे पत्रिका बघतात, वजन बघतात, रंग बघतात. मुलीच्या अंगात रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का हे रक्ताच्या एका तपासणीत कळतं, ते कुणी बघत नाही. ही तपासणी प्रत्येक मुलीची लग्नाआधी व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. माझी झाली ती दिवस राहिल्यावर, खासगी लॅबमध्ये पैसे भरून. अहवाल चांगला आला. पण तो येईपर्यंतच्या रात्री मी कुठल्याही बाईला देऊ इच्छित नाही.

कांजिण्यांची नोंद आईच्या आठवणीत निघाली. फोनवर तिने सांगितलं, ‘तुला दुसरीत असताना आल्या होत्या. घरात फोडणी घातली नव्हती की, निंबाच्या पाल्यावर निजवलं होतं तुला.’ डॉक्टरबाईंना तेवढा पुरावा पुरला.

भीतीबरोबर मनात आणखी एक गोष्ट शिरली होती. मला त्या मावशींचा राग यायला लागला होता. ही बाई घरी का बसत नाही, असं वाटायचं. मी टेबल जरा लांब सरकवलं तर त्यांनी एकदा नुसतं बघितलं. आपल्या समाजात कारण न सांगता लांब सरकणं कधीच साधं नसतं. ज्यांच्या मागच्या पिढ्यांना दारात उभं केलं गेलं, वरून पाणी ओतलं गेलं, त्यांना सरकलेलं टेबल काय सांगतं हे मी समजू शकते. पोटातल्या बाळाची काळजी मी करत होते, पण त्यांच्यापर्यंत पोचत होता तो विटाळ.

आणि घरी बसायचं म्हणजे काय, हे मस्टर लिहिणाऱ्या मला इतर कुणाहून जास्त ठाऊक होतं. बसली की खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे नाहीत. सीझनमध्ये दोन-तीन खाडे पडले की तिच्या जागी दुसरी उभी राहते. मावशींच्या घरात त्यांच्याच पैशांवर गॅस येत होता.

त्या वेळच्या कायद्यात काय होतं ते मी नंतर बघितलं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलं झालं. पण त्यातला मोठा आधार बाळंतपणाच्या आगेमागे होता. सुरुवातीच्या महिन्यांचा म्हणून जो ठळक आधार दिसला, तो गर्भपात झाल्यानंतरच्या सहा आठवड्यांच्या रजेचा. गरोदरपणामुळे आजारी पडलेल्या बाईला आणखी महिनाभर रजा मिळू शकत होती. शेजारणीच्या तापापासून लांब राहता यावं, यासाठी काही नव्हतं. तापाने आलेल्या बाईसाठी १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात आजारपणाचा लाभ होता, रोजच्या मजुरीच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नव्हते. आणि फ्लू सगळ्यात जास्त पसरतो तो साधारण त्याच पहिल्या दिवसांत. आमच्या पॉलिहाऊसला तर ती योजनाच नव्हती.

पुण्यात २०२४ च्या पावसाळ्यात झिका आला, तेव्हा बाधित भागांतल्या गरोदर बायांना शोधून त्यांचे रक्तनमुने घेतले गेले. तेच योग्य होतं. डासाने येणाऱ्या आजारासाठी आपण एवढं करू शकतो. शेजारच्या टेबलावरून येणाऱ्या आजारासाठी फक्त दोन दिवसांचे पैसे द्यावे लागतात, तेवढ्यावर मात्र गाडी अडते.

अखेर मी चोरओटीची वाट बघितली नाही. चहाच्या सुट्टीत मावशींच्या शेजारी जाऊन बसले आणि हळूच सांगितलं. त्या एकदम म्हणाल्या, ‘अगं बये, आधी नाही का सांगायचं?’ संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉलला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी माझं टेबल दाराबाहेर, मोकळ्या हवेत गेलं, ते बायांनीच उचलून नेलं. औषध मारलेल्या शेडमध्ये झाडं मोजायला मला कुणी जाऊ देईना. हा तर खोकल्याहूनही महत्त्वाचा बचाव होता, पण तो तोवर माझ्या लक्षातही आला नव्हता. मावशी तोंडाला ओढणी नीट बांधून कोल्डरूमच्या टोकाला काम करू लागल्या. दोन आठवडे उलटूनही खोकला जाईना, तेव्हा आशाताई त्यांना बेडक्याच्या तपासणीला घेऊन गेल्या. टीबी निघाला नाही. माझ्यासाठी म्हणून का होईना, तपासणी झाली याचं मला फार समाधान आहे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, आणि दोन आठवड्यांपुढच्या प्रत्येक खोकल्याची ती व्हायला हवी.

फेब्रुवारीत हॉलमधल्या आणखी एकीच्या मुलाला कांजिण्या आल्या. तिने कुणाला न विचारता घरी राहायचं ठरवलं आणि निरोप धाडला, ‘ताईला म्हणावं, मी येत नाही. पोरगं बरं झालं की येईन.’ ऐन सीझनमध्ये. डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या की तिला लहानपणी येऊन गेल्या असतील तर तिच्यामुळे कुणाला धोका नाही, आणि मलाही नव्हताच. म्हणजे एवढं एक वाक्य कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर तिचे पैसे बुडाले नसते. आठवडा संपला तेव्हा तिच्या नावापुढचे खाडे मीच मांडले. ते दिवस भरून द्यावेत म्हणून मी वर शब्द टाकला. ‘एकीला दिले की सगळ्या मागतील,’ असं उत्तर आलं.

सगळ्यांनी मागावेत असंच ते आहे. माझी मुलगी ऑगस्टअखेर जन्मली, सुखरूप आहे, आणि ९ महिने भरल्यावर तिला गोवर-रुबेलाची लस दिली. तिच्या सुखरूप येण्याची किंमत ज्यांनी मजुरीतून मोजली, त्या बायांना ते पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

म्हणून ज्यांच्या हाताखाली माणसं राबतात त्यांना, मग ते पॉलिहाऊसवाले असोत, दुकानदार असोत की घरी मोलकरीण ठेवणारे आपण असू, माझं कळकळीचं सांगणं आहे: ताप आलेल्या बाईला दोन दिवस घरी राहू द्या, आणि ते दोन दिवस मस्टरवर हजर मांडा.