पायाला जागं करणाऱ्या ताई

सांगलीत खो-खो खेळणाऱ्या आम्हा मुलींना पाय मुरगळण्याचं अप्रूप नव्हतं. आंबेहळद उगाळून लावायची, क्रेप बँडेज गुंडाळायचं, सूज उतरली की पुन्हा मैदानात. माझा उजवा घोटा मात्र एकदा मुरगळला आणि पुढे मुरगळतच राहिला. खांबाला वळसा घालताना, हुलकावणी देताना, एकदा तर एसटीतून उतरताना. एक्स-रेत काही निघत नव्हतं. तरी संरक्षणाला उतरले की पायाची खात्री वाटायची नाही, आणि धावकाला पायाची खात्री नसली की त्याचा खेळ संपलाच.

तेव्हा ज्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे मी गेले, त्यांचं ऋण मी जन्मभर वागवणार आहे. त्यांनी आधी घोटा पाहिलाच नाही. गुडघ्याखाली, पोटरीच्या बाहेरच्या कडेला बोटं ठेवली आणि मला पाऊल बाहेर वळवायला लावलं. म्हणाल्या, "ताकद आहे गं. पण हा स्नायू उशिरा उठतो."

तो पेरोनियल स्नायू. त्याची कंडरा बाहेरच्या घोट्यामागून वळून पावलाकडे जाते, आणि पाऊल आत कलंडू लागलं की त्याला बाहेर ओढून धरायचं काम याचं. घोट्याचा अस्थिबंध फाटतो तेव्हा सांधा किती कलला आहे याची खबर देणारी त्यातली चेताटोकंही दुखावतात, हा विचार मायकेल फ्रीमन या ब्रिटिश शल्यविशारदांनी १९६५ साली मांडला आणि झुलत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम सुचवला. पुढे कृत्रिम गुडघ्यासाठी गाजलेला हा माणूस ताईंमुळे माझ्याही ऋणाच्या वहीत आला. नंतर संशोधकांनी पोटरीवर इलेक्ट्रोड चिकटवून, पायाखालची फळी एकाएकी कलती करून स्नायूचा हा उशीर मोजलाही. सगळ्यांच्या पायांत तो सापडला नाही, काहींच्या सापडला. पण ताईंनी सांगितलेली एक गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. धडधाकट पायातही हा स्नायू झटका बसल्यावर जागा व्हायला सेकंदाचा विसावा भाग किंवा त्याहून थोडा जास्त वेळ घेतो. तेवढ्यात घोटा मुरगळून झालेला असतो. "म्हणून पाऊल टेकल्यावर नाही, टेकायच्या आधी पोटरी तयार हवी," हे त्यांचं पालुपद.

सुताराकडून त्यांनी फळी करून घेतली, खाली अर्धगोल लाकूड ठोकलेली. पहाटे स्वतः मैदानावर यायच्या. मी एका पायावर डोळे मिटून उभी राहायची आणि ताई माझीच बोटं त्या स्नायूवर ठेवायला लावायच्या. कातडीखाली तो तडतड हलताना लागला, तेव्हा पहिल्यांदा मला माझा पाय आतून कळला. मग उड्या, एका पायावर उतरणं, सगळ्यात शेवटी खांब. घाई त्यांना मान्यच नव्हती. जिल्हा निवडीचा सामना तोंडावर आला, मी रडले, तरी त्या बधल्या नाहीत. "सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं नसतं, बाळा." त्या वर्षीची निवड गेली. त्यानंतरची सगळी वर्षं मी खेळले, ती त्या नकारामुळे.

फीचा विषय काढला की त्या दुसरंच बोलायला लागत. आईने एकदा शेंगदाण्याचे लाडू नेऊन दिले, तेवढेच काय ते त्यांनी आमच्याकडून घेतले. आता मी मुलींना शिकवते आणि आमच्या मैदानावर तशीच फळी आहे.

गावोगावच्या प्रशिक्षकांना माझी एकच विनंती. मुरगळलेल्या पायाच्या मुलीला परत उतरवण्याआधी त्याच पायावर, डोळे मिटून, उभी करून पाहा. दुसऱ्या पायाइतका तोल राहत नसेल तर तिला थांबवा, भले सामना अंतिम असो.